सांधेदुखीवरचं संशोधन कसं वाचावं?

'ग्लुकोसामाइन घेतलेल्या ६४ टक्के रुग्णांची गुडघेदुखी कमी झाली.' हे वाचून कुणालाही वाटेल, औषध गुणकारी दिसतंय. वाक्य खोटंही नाही. (ग्लुकोसामाइन हे सांध्यांसाठी म्हणून विकलं जाणारं पूरक.) २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीतला तो आकडा आहे. मात्र त्याच चाचणीत ज्यांना औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी दिली होती, त्यांच्यातल्याही ६० टक्के लोकांचं दुखणं तितकंच उतरलं होतं.

दुखण्यावरचं संशोधन वाचायला बसलात की सगळ्यात आधी ही सवय लावून घ्या: ज्यांना तो उपचार मिळाला नाही त्यांचं काय झालं, ते शोधा. बाकीच्या गोष्टी हळूहळू जमतात. वैद्यकीय पदवी लागत नाही. टक्केवारीचं गणित येत असेल आणि अर्धा तास शांत बसायची तयारी असेल, तर पुढच्या पायऱ्या कुणालाही चढता येतील. मग तुम्ही फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला असा, घरात कुणाचे गुडघे दुखत असोत, नाहीतर तुमची स्वतःचीच पाठ असो.

पायरी १ : दुखणं नेमकं कोणतं, ते ठरवा

'संधिवात' हा एक आजार नाही. शंभराहून अधिक आजार या एका नावाखाली येतात आणि एकावरचं संशोधन दुसऱ्याला लागू पडतंच असं नाही. सर्वांत जास्त आढळतो तो ऑस्टिओआर्थरायटिस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे ५२.८ कोटी लोकांना तो होता. यात सांध्यातली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण), तिच्याखालचं हाड, सांध्याचं अस्तर असा सगळा सांधाच बदलत जातो. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस, याची जातच वेगळी. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. याचे रुग्ण सुमारे १.८ कोटी. गाऊटमध्ये युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचतात. आणि कंबरदुखी-पाठदुखीच्या बहुतेक रुग्णांत तर ठरावीक एका जागी बोट ठेवता येईल असं कारणच सापडत नाही.

म्हणून लेखात नुसतं 'आर्थरायटिसवर नवं औषध' असं असेल तर तिथेच थांबा आणि आजाराचं पूर्ण नाव शोधा. आमवातात प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी औषधं सांधा वाचवतात. ऑस्टिओआर्थरायटिसच्या गुडघ्याला ती तशीच उपयोगी पडतील असं धरून चालत नाही, ते वेगळ्या चाचण्या करूनच पाहावं लागतं.

पायरी २ : बातमी बाजूला ठेवा, मूळ निबंध काढा

पबमेड हे वैद्यकीय शोधनिबंधांचं विनामूल्य सूचिस्थळ आहे. तिथे आजाराचं आणि उपचाराचं इंग्रजी नाव टाकायचं. यादी लांबलचक आली तर डाव्या बाजूच्या गाळण्या वापरून फक्त पद्धतशीर आढावे (systematic reviews) किंवा यादृच्छिक चाचण्या (randomized trials) निवडायच्या; त्या म्हणजे काय ते तिसऱ्या पायरीत येईल. आढाव्यांसाठी कॉक्रेन लायब्ररी उत्तम. तिथल्या प्रत्येक आढाव्यासोबत साध्या भाषेतला सारांश असतो. नवख्या माणसाने सुरुवात तिथून करावी, असं माझं ठाम मत आहे.

सारांश वाचून मात्र थांबू नका. निबंधातला पहिला तक्ता उघडा. चाचणीत कोण होतं हे त्यात असतं: सरासरी वय, स्त्रिया किती, वजन किती, दुखणं किती वर्षांचं, सुरुवातीला किती तीव्र. तुमची आई ७४ वर्षांची असेल, तिला मधुमेह असेल आणि चाचणीत साठीच्या आतले, इतर कुठलाही आजार नसलेले लोकच घेतले असतील, तर निष्कर्ष तिच्यापर्यंत पोचेपर्यंत बराच पातळ झालेला असतो.

पायरी ३ : अभ्यासाचा प्रकार ओळखा

ही पायरी पटकन होते. प्रयोगशाळेतल्या पेशींवर किंवा उंदरांवर केलेलं काम म्हणजे पुढच्या संशोधनासाठीचं बी-बियाणं, उपचाराचा पुरावा नव्हे. 'आमच्या ४० रुग्णांना बरं वाटलं' या प्रकारात तुलनाच नसते. हजारो लोकांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवून केलेले निरीक्षण-अभ्यास धोके शोधायला उपयोगी पडतात, पण त्यात अमुक सवयीची माणसंच मुळात जास्त निरोगी असण्याची शक्यता उरते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी रुग्णांची गटांत वाटणी केली (हीच यादृच्छिक चाचणी), की ही अडचण बरीचशी सुटते. अशा अनेक चाचण्या गोळा करून, त्यांची प्रत तपासून केलेला आढावा सगळ्यात वर. अर्थात दहा कच्च्या चाचण्यांची बेरीज केली तरी ती कच्चीच राहते.

पायरी ४ : तुलना कशाशी केली?

इथे जरा रेंगाळा, कारण सांधेदुखीच्या संशोधनात सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

सांध्याचं दुखणं भरती-ओहोटीसारखं चढतं-उतरतं. माणूस डॉक्टरकडे किंवा चाचणीत नाव घालायला कधी जातो? दुखणं अगदी टोकाला गेलं की. त्यानंतर काहीही केलं, अगदी काहीच केलं नाही, तरी ते थोडं उतरण्याचीच शक्यता जास्त. त्यात भर म्हणजे कुणीतरी वेळ देऊन आपलं ऐकून घेतं, तपासतं, औषध देतं, आणि आता बरं वाटेल ही अपेक्षा तयार होते. तिचाही परिणाम खरोखर होतो. या सगळ्यातून उपचाराचा स्वतःचा वाटा वेगळा काढायचा, तर दुसऱ्या गटालाही हे सगळं मिळायला हवं. फक्त उपचार तेवढा नको.

शस्त्रक्रियेच्या बाबतीत हे कसं करणार? अमेरिकेत ह्यूस्टनमधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात केलेली आणि २००२ साली प्रसिद्ध झालेली चाचणी त्यासाठी मुळातून वाचण्यासारखी आहे. गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थरायटिससाठी तेव्हा दुर्बिणीतून सांधा धुण्याची आणि साफ करण्याची शस्त्रक्रिया सर्रास होत असे. १८० रुग्णांची तीन गटांत वाटणी झाली: एकाला सफाई, दुसऱ्याला फक्त धुणं, तिसऱ्याला लुटुपुटीची शस्त्रक्रिया. रुग्ण टेबलावर आल्यावर सर्जनच्या हातात लिफाफा दिला जाई आणि कोणता गट ते तेव्हाच कळे. तिसऱ्या गटातल्या रुग्णांच्या गुडघ्यावर खरोखरच छोटे छेद घेतले गेले. सर्जनने नेहमीप्रमाणे हत्यारं मागितली, पाय हवा तसा वळवला आणि सांधा धुतल्याचा आवाज यावा म्हणून पाणीसुद्धा सांडवलं. दुर्बीण मात्र आत घातलीच नाही. आपल्याला कदाचित फक्त खोटी शस्त्रक्रिया मिळेल, हे प्रत्येक रुग्णाने आधीच स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं. निकषांत बसणाऱ्या ३२४ जणांपैकी १४४ जणांनी नकार दिला, यावरून ही संमती किती गांभीर्याने घेतली होती ते कळतं.

दोन वर्षं तिन्ही गटांवर लक्ष ठेवलं. दुखण्यात किंवा हालचालीत खऱ्या शस्त्रक्रियेचे गट कधीच सरस ठरले नाहीत. या चाचणीवर टीकाही झाली. रुग्ण बहुतेक पुरुष होते, सर्जन एकच होता. त्या शंकांचं उत्तर पुढच्या चाचण्यांनी द्यायचं असतं, आणि तसं झालं. फिनलंडमध्ये १४६ रुग्णांवर अशीच लुटुपुटीची शस्त्रक्रिया वापरून, वयानुसार झिजून फाटलेली गुडघ्यातली गादी कापण्याचा उपाय तपासला गेला. तो निबंध २०१३ साली आला. वर्षभरानंतर दोन्ही गट सारखेच सुधारले होते.

औषधांबाबतही हाच न्याय. नुकत्याच सुरू झालेल्या कंबरदुखीला पॅरासिटामॉल हे वर्षानुवर्षं पहिलं औषध मानलं गेलं. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या सोळाशेहून अधिक रुग्णांच्या चाचणीत बरं व्हायला लागलेला मध्यक काळ (निम्मे रुग्ण जेवढ्या दिवसांत बरे झाले तो) औषध घेणाऱ्यांत १७ दिवस निघाला आणि बिनऔषधाच्या गोळीवाल्यांत १६ दिवस. तुलनागट नसता, तर '१७ दिवसांत आराम' अशी जाहिरात झाली असती.

पायरी ५ : मोजलं काय?

दुखणं रक्तात दिसत नाही. ते विचारूनच मोजावं लागतं. त्यासाठी १०० मिलिमीटरची एक आडवी रेघ वापरतात. एका टोकाला 'अजिबात दुखत नाही', दुसऱ्या टोकाला 'याहून वाईट असूच शकत नाही', आणि रुग्णाने मध्ये खूण करायची. गुडघा आणि खुबा यांसाठी वोमॅक नावाची प्रश्नावली प्रचलित आहे. तिच्यात २४ प्रश्न असतात: ५ दुखण्याचे, २ आखडण्याचे आणि तब्बल १७ रोजच्या हालचालींचे. जिना उतरताना किती त्रास होतो, खुर्चीतून उठताना, मोजे घालताना, अंथरुणातून बाहेर पडताना. ही प्रश्नावली एकदा तरी पूर्ण वाचा. निबंधातला '८ गुणांची सुधारणा' हा आकडा माणसाच्या दिवसातल्या कोणत्या क्षणांतून आला आहे, ते त्यानंतरच समजतं.

आता पुढचा प्रश्न: ८ गुण म्हणजे पुरेसे का? रुग्णाला स्वतःला फरक जाणवावा यासाठी शंभरपैकी साधारण १० ते २० गुणांची सुधारणा लागते, असं वेगवेगळ्या अभ्यासांतून दिसतं. चाचणीत हजारो लोक असतील तर ३ गुणांचा फरकही 'सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय' ठरतो. त्याचा अर्थ एवढाच की हा फरक निव्वळ योगायोगाने आला असण्याची शक्यता कमी आहे. रुग्णाचा जिना त्यामुळे सोपा होतो, असा नव्हे.

आमवातात मोजमाप थोडं वेगळं. तिथे डॉक्टर २८ सांधे दाबून दुखरे किती, सुजलेले किती ते मोजतात आणि रक्तातल्या दाहाची चाचणी जोडून गुणांक काढतात. निबंधात 'एसीआर २०' दिसलं तर समजा की दुखऱ्या आणि सुजलेल्या सांध्यांची संख्या निदान २० टक्क्यांनी घटली आणि इतर पाचपैकी तीन बाबतींतही तेवढीच सुधारणा झाली. ५० आणि ७० चे आकडेही शोधा. २० टक्के सुधारलेल्या माणसाचं बरंचसं दुखणं अजून शिल्लक असतं.

आणि एमआरआयसारख्या चित्रांवरून दुखणं मोजलेलं असेल तर सावध व्हा. कसलाही त्रास नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. मणक्यातल्या चकत्यांची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत होती आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत. एमआरआयच्या अहवालात 'डीजनरेशन' वाचून घाबरलेल्या प्रत्येकाला हे दोन आकडे कुणीतरी समजावून सांगायला हवेत, असं मला फार मनापासून वाटतं.

पायरी ६ : आधी काय ठरवलं होतं?

सुरुवातीच्या ग्लुकोसामाइनच्या चाचणीकडे पुन्हा वळू. १,५८३ रुग्ण, पाच गट, २४ आठवडे. वोमॅकवरचं दुखणं २० टक्क्यांनी तरी कमी होणं हा यशाचा निकष आधीच ठरवलेला होता. निकाल असा: बिनऔषधाची गोळी ६०.१ टक्के, ग्लुकोसामाइन ६४, कॉन्ड्रॉइटिन (तसंच दुसरं पूरक) ६५.४, दोन्ही मिळून ६६.६, आणि सेलेकॉक्सिब ही वेदनाशामक ७०.१. बिनऔषधाच्या गोळीपेक्षा निश्चितपणे सरस ठरली ती फक्त सेलेकॉक्सिब. तिथेही फरक शंभरात दहा जणांचा, म्हणजे दहा जणांनी औषध घेतलं तर त्यातल्या एकाला औषधामुळे म्हणून आराम पडला. ही वजाबाकी प्रत्येक निबंधात स्वतः करून बघा.

पण याच निबंधात आणखी एक आकडा आहे. ज्यांचं दुखणं सुरुवातीला मध्यम ते तीव्र होतं, तेवढ्यांचाच विचार केला तर दोन्ही औषधं एकत्र घेणाऱ्यांत ७९.२ टक्के सुधारले आणि बिनऔषधाच्या गोळीवर ५४.३ टक्के. विक्रीच्या पत्रकांवर हाच आकडा झळकला. मोठ्या गटात फायदा दिसत नाही आणि त्यातल्या छोट्या तुकड्यात एकदम मोठा दिसतो, तेव्हा तो नव्याने तपासण्याजोगा दुवा मानायचा, निष्कर्ष नाही. त्या तुकड्यात माणसं इतकी थोडी होती की सेलेकॉक्सिबसारखं माहितीतलं औषधही निर्विवाद सरस ठरलं नव्हतं. पुढे २०१७ साली स्पेनमधल्या १६४ रुग्णांवर, मध्यम ते तीव्र गुडघेदुखी असलेल्यांनाच घेऊन, तीच जोडगोळी तपासली गेली. त्यात बिनऔषधाची गोळीच वरचढ ठरली.

संशोधकांनी सुरुवातीला काय ठरवलं होतं हे पाहायची सोय आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००५ पासून चाचणीची आधी सार्वजनिक नोंदणी झाली असेल तरच निबंध छापण्याचं धोरण ठेवलं आहे. नोंदणी क्रमांक बहुधा सारांशाच्या शेवटी असतो. तो घेऊन नोंदवहीतला मुख्य निकष आणि छापलेल्या निबंधातला मुख्य निकष ताडून पाहा. दोन्ही वेगळे निघाले आणि कारण दिलेलं नसेल, तर निबंधावरचा विश्वास कमी करायचा.

पायरी ७ : किती काळ, आणि त्रास किती?

१९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं गेलं आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० सालचं नोबेल पारितोषिक या कामाला मिळालं. या गटातल्या औषधांनी दीर्घकाळात हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, संसर्ग होतात, हे मात्र वापर वाढला तसं लक्षात येत गेलं. सांधेदुखी वर्षानुवर्षांची असते आणि चाचण्या बहुधा काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या. ही तफावत वाचणाऱ्याने सतत मनात ठेवायला हवी.

२०१७ सालच्या एका चाचणीत १४० जणांच्या गुडघ्यात दर १२ आठवड्यांनी, दोन वर्षं, स्टेरॉइडचं किंवा नुसत्या सलाइनचं इंजेक्शन दिलं गेलं. दुखण्यात लक्षणीय फरक पडला नाही. कूर्चेची जाडी मात्र स्टेरॉइडच्या गटात सरासरी ०.२१ मिलिमीटरने घटली, सलाइनच्या गटात ०.१० ने. टॅनेझुमॅब या नव्या धाटणीच्या औषधाने दुखणं कमी झालं, पण काहींचे सांधे झपाट्याने खराब झाले. २०२१ साली अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागारांनी १९ विरुद्ध १ मतांनी त्याच्या विरोधात कौल दिला.

रोफेकॉक्सिब या वेदनाशामकाची कहाणी तर प्रत्येक नवशिक्या वाचकाला माहीत हवीच. २००० साली आमवाताच्या ८,०७६ रुग्णांवरची चाचणी छापून आली. पोटातले रक्तस्राव नॅप्रोक्सेन या जुन्या वेदनाशामकाच्या तुलनेत कमी, हा तिचा मथळा. हृदयविकाराचे झटके रोफेकॉक्सिबवर ०.४ टक्के आणि नॅप्रोक्सेनवर ०.१ टक्का, हेही निबंधात होतं, पण नॅप्रोक्सेनच हृदयाचं रक्षण करत असावं असा अर्थ लावला गेला. २००४ च्या सप्टेंबरमध्ये दुसऱ्या चाचणीत धोका स्पष्ट झाला आणि औषध बाजारातून मागे घ्यावं लागलं. वर्षभराने कळलं की पहिल्या निबंधात तीन झटके मोजलेच नव्हते. त्यामुळे दुष्परिणामांचा तक्ता शेवटी, थकून चाळायचा नाही. आणि त्यात 'चौपट' किंवा 'निम्मा' असे शब्द दिसले, की मूळ आकडे किती ते विचारायचं. इथे चौपट म्हणजे हजारात एकावरून हजारात चारांवर.

व्यायामाच्या चाचण्या वाचताना

व्यायामाची बनावट गोळी करता येत नाही. आपण व्यायाम करतोय हे करणाऱ्याला ठाऊक असतंच, त्यामुळे या चाचण्यांत अपेक्षेचा वाटा वेगळा काढता येत नाही. गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थरायटिसवरच्या व्यायामाचा कॉक्रेन आढावा २०१५ साली ५४ चाचण्यांवर आधारलेला होता. नंतर अधिक चाचण्या धरून केलेल्या आढाव्यात फायद्याचा आकडा आधीपेक्षा लहान दिसला. तरीही मी व्यायामाच्या बाजूने आहे. स्नायूंची ताकद, तोल, साखर, झोप यांना होणारा लाभ त्या गुडघ्याच्या आकड्यात मोजलेला नसतो आणि सांधे खराब होण्याची भीतीही नसते. फायदा थोडका आणि धोका नगण्य असेल तर कौल एक, फायदा तेवढाच आणि धोका मोठा असेल तर दुसरा. दोन्ही रकाने शेजारी ठेवल्याशिवाय ठरवू नका.

पायरी ८ : वाचलेलं डॉक्टरांपर्यंत न्या

निबंध वाचून सुरू असलेलं औषध स्वतःहून बंद करू नका. आमवातात तर मुळीच नाही. तिथे दाह महिनोन्‌महिने मोकाट राहिला तर सांध्याचं नुकसान कायमचं होतं. ग्लासगोमधली २००४ सालची चाचणी यासाठी वाचावी. औषधं कपाटातली नेहमीचीच. एका गटाची दर महिन्याला तपासणी करून, दाह शिल्लक दिसला की उपचार वाढवले. दुसऱ्या गटाला नेहमीसारखं दर तीन महिन्यांनी पाहिलं. दीड वर्षाने पहिल्या गटातल्या ६५ टक्के रुग्णांचा आजार शमला होता, दुसऱ्या गटात १६ टक्क्यांचा. हा आकडा कळला की आपली पुढची तपासणी कधी, हे रुग्ण स्वतःच विचारू लागतो.

भेटीच्या वेळी निबंधाची छापील प्रत सोबत ठेवा. पहिल्या तक्त्यावर, मुख्य निकालाच्या वाक्यावर आणि दुष्परिणामांच्या तक्त्यावर आधीच खूण करून ठेवा, कारण वेळ थोडा असतो. प्रश्न तीनच विचारा: या चाचणीतल्या लोकांशी माझा आजार आणि माझं वय जुळतं का? माझं हृदय, मूत्रपिंड, पोट यांच्याकडे पाहता मला यातला कोणता धोका जास्त आहे? आणि उपचार सुरू केलाच, तर किती आठवड्यांनी, काय मोजून, तो चालू ठेवायचा की थांबवायचा हे ठरवायचं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तारखेसह त्याच कागदावर लिहून घ्या.